लाकडाच्या भुशातून डिझेल? ५५ लाख घालायच्या आधी थोडा हिशोब

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. इंदूरजवळ सांवेरकडे घरची साठेक एकर शेती, सोयाबीन आणि गहू, पंचवीस-तीस गुरं. मेहुण्याची देवासला आरा मशीन, तिथे रोज टन-दीड टन भुसा आणि छिलपट निघतं. आणि एक मशीनवाला मागे लागलाय की ५५ लाखांत प्लँट लावा, एक टन भुशातून ५०० लिटर डिझेल काढा, नरवाई (पीक कापल्यावर शेतात उरणारे खुंट आणि काड) पण त्यातच टाका, शेण पण त्यातच टाका. तुम्ही विचारताय घेऊ का आणि सबसिडी मिळेल का.

सबसिडीचं पुढे बोलू. मी बरीच वर्षं इंदूरला राहून बायोगॅस आणि गॅसिफायरचंच (लाकूड-काड अर्धवट जाळून गॅस करणाऱ्या भट्टीचं) काम करतोय, आणि असा प्रश्न घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण मशीनपासून सुरुवात करतो. खरा प्रश्न मशीनचा नसतोच. तुमच्याकडे जो कचरा आहे तो ओला की सुका, मऊ की लाकडी, वर्षभर मिळतो की वीस दिवस, आणि किती लांबून आणायचा, यावर सगळं ठरतं. शेण, नरवाई आणि लाकूड हे तीन वेगवेगळे माल आहेत, त्यांचे रस्ते वेगळे आहेत, आणि तिन्ही एकाच मशीनमध्ये जातात असं जो सांगतो त्याला या कामातलं काही कळत नाही किंवा मग त्याला सगळं कळतं आणि तो तुम्हाला बनवतोय.

आधी त्याच्या ५०० लिटरचा हिशोब करू, कागद-पेन्सिल पुरे. उन्हात चांगल्या वाळलेल्या लाकडाच्या भुशात किलोला चार हजार, फार तर बेचाळीसशे किलोकॅलरी उष्णता असते. म्हणजे टनाला ४० ते ४२ लाख. डिझेलच्या एका लिटरमध्ये साधारण ८,६०० किलोकॅलरी, ५०० लिटरचे झाले ४३ लाख. म्हणजे भुशात जेवढी ऊर्जा आहे त्याच्यापेक्षा जास्त ऊर्जा हा माणूस डिझेलमध्ये भरून देतोय, वर मशीन चालवायला लागेल ती वेगळीच. आणि हे वाळलेल्या भुशाचं बरं का. आरा मशीनवर ताजं लाकूड चिरलं की भुशात ४०-५० टक्के पाणी असतं, त्या टनातून हाताला लागणारी उष्णता वीस-बावीस लाखांवर येते. सगळं नीट जुळून आलेल्या, शेकडो कोटींच्या प्लँटमध्ये वाळलेल्या एक टन लाकडातून दोनशे-अडीचशे लिटर डिझेलसारखं इंधन निघतं. त्याच्या निम्म्याला सुद्धा ५५ लाखांचं मशीन हात लावू शकणार नाही.

मग तो दाखवतो ते काळं तेल काय असतं? तेल निघतं, खोटं नाहीये ते. भुसा हवा न लावता ५०० डिग्रीच्या आसपास झटकन तापवला की त्याची वाफ होते, ती गार केली की काळपट पातळ द्रव मिळतो, पायरोलिसिस ऑइल म्हणतात. वजनाने साठ-सत्तर टक्के सुद्धा निघू शकतं म्हणून व्हिडिओत डबे भरलेले दिसतात आणि माणूस भुलतो. पण त्यात २० ते ३० टक्के पाणीच असतं, व्हिनेगरसारखं आंबट असतं म्हणून साधं लोखंड खातं, किलोमागे उष्णता डिझेलच्या निम्म्याहून कमी, डिझेलमध्ये मिसळत नाही, आणि ठेवून दिलं की घट्ट होत जातं. भट्टीत जाळायला चालतं. ट्रॅक्टरच्या पंपात घातलंत तर मिस्त्रीचं भलं होईल. पंपावर डिझेल म्हणून जे विकलं जातं त्याला आयएस १४६० मानक लागतं, गंधक १० पीपीएमच्या आत लागतं, आणि हे तेल तिथपर्यंत न्यायचं तर हायड्रोजन देऊन प्रोसेस करावं लागतं, म्हणजे छोटी रिफायनरीच झाली.

आणि हे करून बघणारे लोक काही साधेसुधे नव्हते. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात कोलंबसला कायोर नावाच्या कंपनीने पाइन लाकडाच्या चिप्सपासून पेट्रोल-डिझेल काढायचा प्लँट उभा केला, २०१४ मध्ये दिवाळं निघालं. जर्मनीत फ्रायबर्गला कोरेन कंपनीने लाकडाचा गॅस करून त्याचं डिझेल करायचं ठरवलं, २००८ च्या उद्घाटनाला खुद्द अँगेला मर्केल होत्या, २०११ ला कंपनी बुडाली. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला गोबिगॅस नावाचा प्लँट होता, लाकडापासून मिथेन करून गॅसच्या लाइनमध्ये सोडायचा, आणि तो तांत्रिकदृष्ट्या छान चालला, तरी २०१८ ला बंद केला कारण गॅस महाग पडायला लागला. मला या तिघांत गोबिगॅसचं उदाहरण सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मशीन चालणं वेगळं आणि धंदा चालणं वेगळं.

लाकडापासून रस्त्यावरचं इंधन होतच नाही असं मात्र नाही. फिनलंडमध्ये लापेनरान्टाला यूपीएम कंपनी २०१५ पासून डिझेल करतेय, पण भुशापासून नाही, कागदाच्या लगद्याच्या कारखान्यात लाकूड शिजवताना एक चिकट तेल सुटतं, टॉल ऑइल, त्यापासून. म्हणजे कारखाना आधीपासून होता, तेल आयतं निघत होतं. आपल्याकडे आसाममध्ये नुमालीगढला बांबूपासून इथेनॉल करायचा प्लँट उभा राहिलाय, पण तो रिफायनरीच्या जोडीला आहे, त्याला वर्षाला पाच लाख टन हिरवा बांबू लागतो. पाच लाख टन! मेहुणेबुवांचा भुसा वर्षाचा पाचशे टन नसेल.

(जुनी मंडळी हटकून सांगतात की दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा लाकडी कोळशाच्या गॅसवर बसगाड्या चालल्या होत्या. चालल्या होत्या, खरंय. मागे भट्टी लावलेली, सकाळी पेटवून वाट बघत बसायचं, चढाला दम निघायचा, गॅस साफ नसला की इंजिनात डांबर. पेट्रोल मिळायला लागल्याबरोबर लोकांनी त्या भट्ट्या काढून टाकल्या यातच सगळं आलं.)

आता शेण आणि नरवाई. इथे रस्ता खरा आहे, बायोगॅस करायचा, तो साफ करायचा, दाबून भरायचा, म्हणजे तो सीएनजीच्या गाडीत चालतो. याला सीबीजी म्हणतात, काही लोक बायो-सीएनजी म्हणतात, एकच. आयएस १६०८७ प्रमाणे त्यात मिथेन कमीत कमी ९० टक्के लागतो, डायजेस्टरमधून म्हणजे माल सडवायच्या बंद टाकीतून निघतो तेव्हा ५५-६० टक्केच असतो, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याचा वास येतो तो. हा सल्फाइड काढला नाही तर कॉम्प्रेसर आणि सिलेंडर दोन्ही खातो. लोक कार्बन डायऑक्साइड काढायच्या युनिटवर पैसे खर्च करतात आणि सल्फाइडवर वाचवायला जातात, उलटं करायला पाहिजे.

कुठला माल डायजेस्टरमध्ये चालेल याचा माझा साधा नियम आहे, गाय जे खाते ते डायजेस्टर खातो. दोन्हीकडे काम करणारे जिवाणू एकाच जातकुळीचे. भाजी, उरलेलं अन्न, हिरवा चारा, शेण हे सरळ जातं. गव्हाचा भुसा जातो पण वेळ घेतो, आधी बारीक करावा लागतो, भिजवावा लागतो. लाकूड गाय खात नाही, कारण त्यात पाव हिश्श्याच्या आसपास लिग्निन म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा भाग असतो आणि तो हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंना पचत नाही. आरा मशीनचा भुसा बायोगॅसमध्ये टाकला तर चाळीस दिवसांनी जसाच्या तसा बाहेर येतो, फक्त ओला होऊन. कपाशीची पऱ्हाटी पण त्याच वर्गात, निमाडातले लोक नेहमी विचारतात म्हणून सांगून ठेवतो. सोयाबीनचा काड मधला, शेंगांची टरफलं आणि बारीक कुटार चालतं, जाड दांडा त्रास देतो.

नुसत्या गव्हाच्या भुशावर डायजेस्टर चालवू नका, नायट्रोजन कमी पडतो. जिवाणूंना कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण २५-३० ला एक असं आवडतं, गव्हाच्या भुशात ते ऐंशीच्या आसपास किंवा वर असतं. म्हणून शेण किंवा कोंबडीखत सोबत पाहिजेच. दुसरं म्हणजे भुसा तरंगतो. वर जाडजूड थर धरतो, मग गॅस खालीच अडकतो. मी अशा एका प्लँटवर गेलो होतो जिथे हा थर इतका कडक झाला होता की वरून माणूस उभा राहिला असता (उभं राहू नये कोणी, आत विषारी गॅस असतो). ढवळणी भुशासाठी वेगळी लागते, शेणासाठी बनवलेली चालत नाही, आणि स्वस्तातला कोटेशनवाला बरोबर तिथेच काटकसर करतो. थंडीचं पण बघा, जिवाणूंना ३५-३८ डिग्री हवं असतं आणि माळव्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री किती पडतात ते तुम्हाला माहीत आहे, गरम पाण्याची सोय नसेल तर ऐन थंडीत गॅस बसतो.

आता तुमचे आकडे. एक गाय-म्हैस दिवसाला दहा किलो शेण देते धरू, तीस गुरांचं झालं ३०० किलो. सीबीजीच्या धंद्यात ढोबळ हिशोब असा की एक टन गॅसला शेण लागतं ५० टन, उसाच्या रसाचा गाळ म्हणजे प्रेसमड लागतो २५ टन, सुका काड-भुसा लागतो १० टन. तुमच्या शेणातून दिवसाला सहा किलो गॅस. एका कारची टाकी सुद्धा भरणार नाही. साठ एकरातून एकरी टनभर नरवाई उचलली तर वर्षाचे साठ टन, म्हणजे सहा टन गॅस, रोजचा सोळा-सतरा किलो. एवढ्यासाठी २५० बारचा कॉम्प्रेसर, एकमेकांना जोडलेल्या सिलेंडरांचा संच म्हणजे कॅस्केड, विस्फोटक विभागाचं म्हणजे पेसोचं लायसन, गॅस टेस्टिंग, हे सगळं परवडत नाही. कोणी कितीही लहान युनिट दाखवो, नाही परवडत.

बरं, उलट बाजूने बघू. रोज दोन टन गॅसचा प्लँट, धंद्याच्या मानाने लहानच, त्याला रोज २० टन काड-भुसा म्हणजे वर्षाला सात हजार टन. एकरी एक टन धरा, सात हजार एकर. सात हजार एकरातून गठ्ठे बांधून उचलायचे आणि ते सुद्धा गहू कापल्यावर मार्च-एप्रिलमध्ये, शेतकरी नांगरायच्या किंवा काडी लावायच्या आत. सोयाबीनचं तर त्याहून घाईचं, दसऱ्याच्या आगेमागे कापणी आणि लगेच रब्बीची पेरणी, तिथे दोन-तीन आठवडे मिळतात. मग तो माल वर्षभर साठवायचा. सुटा भुसा घनमीटरला साठ-सत्तर किलो, बेलरने म्हणजे गठ्ठे बांधायच्या मशीनने बांधलेला दीडशेच्या आसपास, म्हणजे ट्रक वजनाने भरायच्या आधी आकारानेच भरतो, तुम्ही पैसे हवेची वाहतूक करायचे देता. सात हजार टनांच्या गंज्यांना, मधे आगीसाठी अंतर सोडून, चार-पाच एकर जागा लागते. आणि वर माळव्याचा पाऊस. गंजी भिजली की आतून तापते, सडते, कधी पेटते पण.

त्यातून आपल्याकडे गव्हाचा भुसा फुकट नसतो हे पंजाब-हरियाणाच्या भाताच्या पराळीवरून हिशोब करणाऱ्यांना कळतच नाही. पराळी जनावरं फारशी खात नाहीत म्हणून ती तिथे डोक्याला ताप आहे. पानिपतला इंडियन ऑइलने ऑगस्ट २०२२ मध्ये प्लँट सुरू केला, वर्षाला दोन लाख टन पराळी आणि त्यातून तीन कोटी लिटर इथेनॉल असं नियोजन, खर्च ९०० कोटींवर. टनाला दीडशे लिटर झाले. पण आपल्याकडे रीपरने (उभे खुंट कापून भुसा करणाऱ्या मशीनने) काढलेला भुसा डेअरीवाले उचलतात, कमी पावसाच्या वर्षी तर भाव असा चढतो की तुम्ही इंधनाला घ्यायला गेलात तर गोठेवाले तुमच्यापुढे उभे राहतील आणि जिंकतील, आणि जिंकायला पण पाहिजेत, जनावराच्या तोंडचा चारा काढून गाडी चालवणं मला पटत नाही. इंधनाला मिळेल ते काय तर रीपर पण ज्याला हात लावत नाही ते खुंट, भिजलेला खराब भुसा, सोयाबीनचा जाड काड. हे ध्यानात घेऊनच एकरी टन धरायचा की अर्धा, ते ठरवा, आणि ते गावागणिक बदलतं.

आता आपल्या इंदूरच्या देवगुराडियाचं बघा, शहराच्या कचऱ्यापासून गॅस करतात तिथे. १९ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झालेला प्लँट, क्षमता रोज ५५० टन ओला कचरा आणि त्यातून १७ हजार किलो गॅस, शहरात बसेस त्यावर चालतात. बाहेरून बघायला येणारे लोक डायजेस्टरचे फोटो काढतात. अरे, फोटो काढायचा तर सकाळी घराघरातून ओला-सुका वेगळा उचलणाऱ्या गाडीचा काढा! इंदूरने आधी कचरा वेगळा करून गोळा करायची सवय लावली आणि मग प्लँट लावला. माल रोज येतो, ओला येतो, मऊ येतो, पाऊस असो की दिवाळी. बत्तीस टन कचऱ्याला एक टन गॅस पडतो, म्हणजे टनामागे भुशापेक्षा फार कमी, तरी तो जमतो कारण माल दारात येतो. शेतातल्या मालाला ही गोळा करायची व्यवस्था उभी करणं हाच खरा प्लँट, बाकी टाक्या आणि पाइप कोणीही लावून देतो.

सबसिडीचं विचारलंत. केंद्राच्या कार्यक्रमात रोज ४,८०० किलो गॅसच्या क्षमतेमागे ४ कोटी आणि एका प्रकल्पाला जास्तीत जास्त १० कोटी अशी मदत २०२५-२६ पर्यंतच्या टप्प्यासाठी ठेवली होती, तेल कंपन्यांनी गॅस विकत घ्यायची सतत नावाची योजना ऑक्टोबर २०१८ पासून आहे, तेव्हा ४६ रुपये किलोपासून सुरुवात झाली होती, नंतर भाव सीएनजीच्या भावाशी जोडला. शहर गॅस कंपन्यांना २०२५-२६ पासून १ टक्का सीबीजी मिसळणं बंधनकारक केलंय, ते वाढत २०२८-२९ ला ५ टक्के होणार, म्हणजे गिऱ्हाईक आहे. प्लँटमधून निघणाऱ्या खताला २०२५-२६ पर्यंत टनाला १५०० रुपये मदत ठेवली होती. पण हे सगळं सीबीजीला, तेही खरोखर गॅस विकणाऱ्या प्लँटला. लाकडाच्या भुशाच्या काळ्या तेलाच्या मशीनला यातलं काहीच लागू नाही, मशीनवाला या योजनांचीच कात्रणं दाखवत असणार. आणि खताचं हलकं घेऊ नका, रोज वीस टन काड-भुसा टाकणाऱ्या प्लँटमधून स्लरीचा म्हणजे गॅस निघाल्यावर उरणाऱ्या पातळ खताचा पूर निघतो, तो उचलणारे शेतकरी आधी ठरलेले नसले तर दोन महिन्यांत शेजारचं गाव तक्रार घेऊन येतं.

मग तुम्ही काय करायचं. मेहुण्यांना म्हणावं भुसा ताडपत्रीवर पसरून, उन्हात फिरवून वाळवा, किंवा साध्या शेडखाली ठेवा, आणि ब्रिकेटवाल्याला, म्हणजे भुसा दाबून जळणाच्या कांड्या करणाऱ्याला विका. या कांड्यांनाच पांढरा कोळसा म्हणतात, तो करणारे वाळलेलाच माल मागतात आणि पीथमपूर-देवासच्या बॉयलरवाल्यांना तो लागतो. तो रस्त्यावरचं इंधन नाही हे कबूल, पण तेवढा दगडी कोळसा वाचतो आणि पैसे त्या महिन्यात हातात येतात. शेणाचा घरगुती गोबरगॅस करा, स्वयंपाक आणि जमलं तर पंपाचं इंजिन, स्लरी शेतात. त्यात गळती ठेवू नका एवढंच, मिथेन हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस-तीस पट तापवतो, म्हणजे भलं करायला गेलो आणि उलटंच झालं.

आणि गाडीच्या इंधनातच पडायची हौस असेल, तर ५५ लाखांत प्लँट नको, बेलर, रेक (काड ओढून रांगेत लावणारं अवजार) आणि ट्रॅक्टर घ्या आणि माल गोळा करणारे व्हा. तुमच्याकडे शेतकऱ्यांची ओळख आहे, ती कुठल्याच मशीनवाल्याकडे नाही. पण बेलर घ्यायच्या आधी पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत गठ्ठे घेणारा पक्का गिऱ्हाईक शोधा, सीबीजी प्लँट असो की पेलेटवाला, आणि करार लेखी करा, त्यात ओलाव्याची कपात किती टक्क्यांनंतर आणि किती, मातीची कपात किती, पैसे किती दिवसांत, हे नीट लिहून घ्या. भांडणं सगळी ओलाव्यावरून होतात. गिऱ्हाईक जवळ नसेल तर हे पण करू नका, सरळ सांगतो.

त्या मशीनवाल्याला तोंडावर नाही म्हणायला जड जात असेल तर त्याच्याकडे तीन कागद मागा, त्याने लावलेल्या कुठल्याही चालू प्लँटचं गेल्या बारा महिन्यांचं वीजबिल (पावसाळ्याचे महिने धरून), तेल विकल्याची जीएसटी बिलं, आणि त्या तेलाचा सरकारमान्य लॅबचा रिपोर्ट ज्यात पाणी, आम्लता आणि उष्मांक लिहिलाय. आणि भुसा किती ओला आहे हे घरीच कळतं, एक किलो मोजून घ्या, मंद आचेवर किंवा ओव्हनमध्ये १०५ डिग्रीला वजन कमी होणं थांबेपर्यंत वाळवा, परत मोजा, जेवढं घटलं तेवढं पाणी. तो आकडा आणि जवळच्या ब्रिकेटवाल्याचा भाव इथे टाका, मग वाळवण्याची शेड किती मोठी बांधायची ते सांगतो.